अंगणातले पाणी अंगणात

दरवर्षी २४ जून रोजी गोव्यातील गावोगावी सांजांवचा सण साजरा होतो. फुलापानांचे मुकुट माथ्यावर ल्यालेले तरुण वाड्यावाड्यांतून गात-वाजवत निघतात आणि नव्या पावसाने भरत आलेल्या विहिरींत उड्या घेतात. पाण्याच्या आगमनाचा याहून मनमोकळा उत्सव क्वचितच कोठे पाहावयास मिळेल. परंतु याच विहिरींपैकी कित्येकींचा तळ पाच-सहा आठवड्यांपूर्वी, म्हणजे वैशाखाच्या अखेरीस, उघडा पडलेला असतो. तळाशी साचलेले चार कळशा पाणी उपसण्यासाठी पहाटे उठावे लागते, परसातील माडांची झावळी मलूल होऊन लोंबू लागते आणि मोगरीची रोपे सुकून जातात.

गोव्यात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटर, म्हणजे सुमारे १२० इंच पाऊस पडतो. अवर्षणप्रवण मुलुखातील शेतकऱ्यास हा आकडा स्वप्नवत वाटेल. असे असूनही उन्हाळ्यात परसाला पाणी पुरत नाही, याचे कारण पावसाच्या प्रमाणात नसून त्याच्या वाटणीत आहे. यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडेच जातात. चार महिन्यांच्या मिळकतीवर आठ महिन्यांचा संसार चालवावयाचा, हाच गोव्यातील प्रत्येक परसाचा जमाखर्च होय. हा जमाखर्च कोठे चुकतो आणि तो घरच्या घरी कसा जुळविता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जांभ्याचा स्वभाव

पाण्याचे नियोजन करण्यापूर्वी पायाखालच्या भूमीची ओळख करून घेणे अगत्याचे आहे. गोव्याच्या मोठ्या भागात जांभा दगड आढळतो. हा दगड सच्छिद्र असून त्यात बारीक पोकळ्या व भेगा यांचे जाळेच असते. त्यामुळे पावसाचे पाणी तो त्वरित पोटात घेतो. जूनच्या मध्यास पावसाने जोर धरला की आठ-पंधरा दिवसांतच विहिरीचे पाणी झपाट्याने वर चढते, ते यामुळेच. परंतु जो दगड पाणी लवकर घेतो, तो ते लवकर सोडूनही देतो. जांभ्याच्या थराखाली बहुधा मऊ चिकणमातीचा थर असतो. त्यातून पाणी खाली सहजासहजी उतरत नाही. मग ते या थराच्या माथ्यावरून उताराच्या दिशेने वाहत जाते आणि टेकडीच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. दिवाळीपर्यंत खळाळणारे झरे शिमग्यापर्यंत मंदावतात आणि चैत्रात आटतात.

समुद्रकाठच्या वाळूत स्थिती निराळी आहे. बार्देश, तिसवाडी, सासष्टी यांच्या किनारपट्टीत थोडेसे खणले तरी गोडे पाणी लागते. हे गोडे पाणी मात्र खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. खारे पाणी किंचित जड असल्याने ते खाली राहते व पावसाचे गोडे पाणी त्यावर भिंगाच्या आकाराने विसावते. गायबेन व हर्झबर्ग या दोन युरोपीय अभियंत्यांनी या समतोलाचा हिशेब मांडून ठेवला आहे. समुद्रसपाटीच्या वर जेवढ्या उंचीचा गोड्या पाण्याचा साठा असेल, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत गोडे पाणी खाली टिकून राहते. याचा व्यत्यास अधिक महत्त्वाचा आहे. सततच्या उपशामुळे विहिरीच्या परिसरातील पातळी एक फूट खाली गेली आणि तशीच राहिली, तर खाऱ्या पाण्याची सीमा कालांतराने चाळीस फूट वर सरकू शकते. एकदा विहीर मचूळ झाली की ती पुन्हा गोडी होण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात. खाजन शेतीला लागून असलेल्या घरांनाही हाच धोका संभवतो. खाजनाचा बांध फुटून भरतीचे पाणी आत शिरले, तर शेताबरोबर लगतच्या विहिरीही बिघडतात.

कुळागरांची शिकवण

पाण्याचा हा स्वभाव गोव्यातील पूर्वजांनी पूर्णपणे ओळखला होता, याची साक्ष फोंडा, सत्तरी, सांगे, केपे व काणकोण या भागांतील कुळागरे आजही देतात. कुळागराची जागा नेहमी टेकडीच्या पायथ्याशी, जेथे झरा फुटतो तेथे असते. वरच्या डोंगरावरील झाडी राखलेली असते, कारण झाडी गेली की झरा जातो, हे ज्ञान पिढीजात आहे. झऱ्याचे पाणी प्रथम तळ्यात साठवितात आणि तेथून पाटाने, उताराच्या कलाने, पायरीपायरीच्या वाफ्यांतून खेळवितात. वर माड व पोफळी, पोफळीवर चढविलेली मिरवेल, मधल्या उंचीवर जायफळ व केळी, खाली अननस, हळद व आले अशी उतरंड लावलेली असते. उंच झाडांच्या सावलीमुळे जमिनीतील ओल उडून जात नाही, आणि एका झाडास दिलेल्या पाण्यावर शेजारची दोन झाडे पोसली जातात.

घरांच्या रचनेतही हीच दृष्टी होती. जुन्या चौसोपी घरांतील राजांगणात चारही बाजूंच्या छपरांचे पाणी उतरत असे. न्हाणीघराचे पाणी मोरीतून थेट केळीच्या व अळवाच्या वाफ्यात जात असे. विहिरीवर लाट किंवा रहाट असे, किंवा दोराने कळशी ओढली जाई. अशा रीतीने काढलेल्या प्रत्येक कळशीचे मोल हातांना कळत होते, म्हणून ती कोठे ओतावयाची याचा विचार आपोआप होई. विजेच्या पंपाने हे कष्ट वाचविले, ही इष्टच गोष्ट झाली. परंतु कळ दाबताच तासाभरात हजारो लिटर पाणी वर येऊ लागले आणि विहिरीची भरण्याची गती व उपशाची गती यांचा मेळ तुटला. मातीच्या अंगणाच्या जागी फरशी व सिमेंटचे ठोकळे आले. जे पाणी पूर्वी अंगणात मुरत होते ते आता फाटकातून रस्त्यावर व रस्त्यावरून गटारात वाहून जाते. पावसाळ्यात रस्ते तुंबतात आणि उन्हाळ्यात विहिरी आटतात, या दोन तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकाच अंगणात सापडते.

एका घराचा हिशेब

उदाहरणादाखल एका मध्यम घराचा हिशेब मांडून पाहू. छपराचे क्षेत्रफळ १०० चौरस मीटर आहे असे समजावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. या मापाने ३००० मिलिमीटर पावसाचे ३,००,००० लिटर पाणी त्या छपरावर पडते. बाष्पीभवन, गळती आणि पहिल्या सरींचे सोडून द्यावयाचे पाणी वजा केले तरी सुमारे २,४०,००० लिटर हाती लागण्याजोगे असते.

आता खर्चाची बाजू पाहावी. परसात १० माड, ४० चौरस मीटर भाजीचा वाफा आणि थोडी फुलझाडे व फळझाडे आहेत. ठिबक पद्धतीने मोठ्या माडास दिवसाला सुमारे ३० लिटर पाणी पुरते, म्हणजे दहा माडांना ३०० लिटर. भाजीच्या वाफ्यास उन्हाळ्यात दर चौरस मीटरला ढोबळमानाने ५ लिटर धरले तर २०० लिटर. इतर झाडांना १०० लिटर. एकूण ६०० लिटर रोज. डिसेंबर ते मे या सहा महिन्यांच्या सुमारे १८० दिवसांसाठी ही गरज १,०८,००० लिटर होते. याचा अर्थ असा की, परसाला उन्हाळाभर जेवढे पाणी लागते त्याच्या दुपटीहून अधिक पाणी त्याच घराच्या छपरावरून पावसाळ्यात ओघळून जाते.

हे सर्व पाणी टाकीत साठवून ठेवणे मात्र कोणत्याही सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील नाही. १०,००० लिटरची टाकी बांधली तरी वरील हिशेबाने ती सतरा दिवसही पुरत नाही. म्हणून केवळ टाकीवर विसंबून न राहता तिन्ही अंगांनी प्रयत्न करणे आवश्यक ठरते. पावसाचे पाणी जमिनीत मुरविणे, जमिनीतील ओल टिकविणे आणि काढलेले पाणी काटकसरीने व नेमक्या जागी देणे, ही ती तीन अंगे होत.

हिरवळीच्या बाबतीत येथेच एक इशारा देणे योग्य होईल. अलीकडे घरापुढे विलायती हिरवळ राखण्याची हौस वाढली आहे. २०० चौरस मीटर हिरवळीस उन्हाळ्यात रोज सुमारे १००० लिटर पाणी लागते. ग्रामीण भागात दर माणशी रोज ५५ लिटर पिण्याचे व वापराचे पाणी पुरविण्याचे उद्दिष्ट जल जीवन मिशनने २०१९ मध्ये ठेवले. त्या मापाने अठरा माणसांचे पाणी एका हिरवळीत जिरते. ओपा, अस्नोडा किंवा साळावली येथील जलशुद्धीकरण प्रकल्पांतून येणारे नळाचे पाणी पिण्यासाठी शुद्ध केलेले असते. ते गवतावर सोडणे म्हणजे सार्वजनिक खर्चाचाही अपव्यय होय.

पाणी मुरविण्याची व्यवस्था

छपराचे पाणी विहिरीत सोडण्याची पद्धत सोपी आहे, मात्र ती काळजीपूर्वक अमलात आणावी लागते. कौलारू छपराच्या कडेने पन्हळ लावून पाणी एका नळाने खाली आणावे. पावसाळ्याच्या आरंभीच्या दोन-तीन सरींत छपरावरील धूळ, पाला व पक्ष्यांची विष्ठा धुऊन येते. हे पाणी बाजूला सोडून देता येईल अशी झडप नळास असावी. त्यानंतरचे पाणी गाळण-खड्ड्यातून न्यावे. सुमारे एक मीटर लांब, एक मीटर रुंद व दीड मीटर खोल असा खड्डा साधारण घरास पुरतो. त्यात तळाशी मोठे दगड, त्यावर खडी आणि सर्वांत वर जाड वाळू असे थर द्यावेत. गाळलेले पाणी खड्ड्याच्या तळाजवळील नळाने विहिरीत सोडावे. वरची वाळू दरवर्षी मे महिन्यात काढून, धुऊन व उन्हात वाळवून पुन्हा भरावी. अंगणातील, गोठ्यालगतचे किंवा वाहने धुण्याच्या जागेवरील पाणी कोणत्याही परिस्थितीत विहिरीत सोडू नये.

जेथे विहीर नाही तेथे शोषखड्डा किंवा चर खणून पाणी मुरविता येते. घराच्या पायापासून तो निदान तीन-चार मीटर दूर ठेवावा. टेकडीचा उतार तोडून बांधलेल्या घरांनी याबाबत विशेष सावध राहिले पाहिजे. जांभ्याखालची चिकणमाती पाण्याने फुगली की वरचा भाग घसरण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी उभ्या कड्याच्या माथ्यावर पाणी मुरवू न देता ते पक्क्या गटाराने सुरक्षित सखल जागी उतरवावे आणि तेथेच मुरवावे.

अंगणाचा काही भाग तरी उघडा मातीचा ठेवणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. फरशी घालणे आवश्यकच असेल तर दोन फरश्यांमध्ये फट ठेवून तीत वाळू भरावी आणि फरशीचा उतार फाटकाकडे न देता झाडांच्या आळ्यांकडे द्यावा. परसाच्या खालच्या कडेने वीतभर उंचीचा मातीचा बांध घातल्यास पावसाचे पाणी थबकते व मुरते. मात्र पाणी थबकणे आणि तुंबणे यांत अंतर आहे. पोफळ व केळ यांना मुळांशी तुंबलेले पाणी सोसत नाही. आषाढ-श्रावणातील मुसळधार पावसात जादा पाणी निघून जाण्यासाठी बांधास सांडवा ठेवावाच लागतो.

जांभ्यात मुरविलेले सर्व पाणी त्याच घराच्या विहिरीत उन्हाळ्यापर्यंत टिकून राहील, अशी अपेक्षा मात्र कोणी बाळगू नये. त्यातील काही भाग उताराकडे सरकून खालच्या वाड्यातील विहिरीस किंवा झऱ्यास जाऊन मिळतो. हे नुकसान नव्हे. वरच्या घराने मुरविलेले पाणी खालच्या घरास मिळते, आणि वरच्या घराने केलेला बेसुमार उपसा खालच्या घरास भोवतो. भूगर्भातील पाण्याला कुंपण नसते. याच जाणिवेने गोव्याच्या विधानसभेने २००२ मध्ये भूजल नियमनाचा कायदा संमत केला. नवी विहीर किंवा कूपनलिका खणण्यासाठी परवानगी घेणे आणि अस्तित्वात असलेल्या विहिरींची नोंदणी करणे यांची तरतूद या कायद्यात आहे.

ओल टिकविण्याचे उपाय

मुरलेले पाणी जमिनीच्या वरच्या थरात टिकवून धरण्यासाठी बाजारातून काही विकत आणावे लागत नाही. सोडणे, झावळी, सुका पाला, भाताचा पेंढा ही सर्व सामग्री परसातच उपलब्ध असते. दुर्दैवाने पालापाचोळा झाडून जाळण्याची सवय सर्वत्र दिसते. जाळलेला पाला मूठभर राख देतो, तर आळ्यात पसरलेला पाला उन्हाळाभर ओल राखतो आणि पुढील पावसाळ्यात कुजून खत होतो.

नारळाचे सोडण तर पाणी धरून ठेवण्याच्या बाबतीत स्पंजासारखेच असते. सोडणातील भुसा आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून घेतो. पावसाळा संपत असताना माडाच्या आळ्यात सोडणे पसरून ठेवावीत. आच्छादनासाठी पसरताना त्यांची फुगीर बाजू वर ठेवतात. खणलेल्या चरात पुरावयाची असल्यास मात्र वाटीसारखी पोकळ बाजू वर ठेवून थर लावतात, जेणेकरून प्रत्येक सोडणात पाणी साठून राहते. अशा रीतीने पुरलेली सोडणे पाच ते सात वर्षे उपयोगी पडतात. वाळूच्या जमिनीत या उपायाचा गुण विशेष दिसून येतो. आच्छादन करताना ते झाडाच्या खोडास अगदी टेकवू नये. वाळवी व बुरशी यांचा उपद्रव टाळण्यासाठी खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी.

पाणी कोठे, किती आणि केव्हा

माडाच्या बुंध्यावर नळीने पाण्याचा फवारा मारण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, पण त्यातून माडाचा फारसा लाभ होत नाही. पाणी घेणारी बहुतेक मुळे बुंध्यापासून दोन मीटरच्या परिघात आणि जमिनीखाली एक ते चार फूट खोलीवर असतात. म्हणून आळे दोन मीटर त्रिज्येचे करावे आणि पाणी संपूर्ण आळ्यात पसरावे. कासरगोड येथील केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार, आळ्याने पाणी देताना उन्हाळ्यात दर चार दिवसांनी २०० लिटर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे पाणी दिल्याने केवळ वरची माती भिजते आणि ते पाणी दुपारच्या उन्हात उडून जाते. पोफळीस पाण्याचा ताण अधिक लवकर जाणवतो. तिला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सात-आठ दिवसांनी, जानेवारी-फेब्रुवारीत सहा दिवसांनी आणि मार्च ते मे या काळात तीन ते पाच दिवसांनी पाणी द्यावे लागते.

नळीने दिलेले पाणी किती होते, याची कल्पना बहुधा कोणासच नसते. ती करून घेण्यासाठी एक साधी परीक्षा पुरेशी आहे. पंधरा लिटरची बादली नळीखाली ठेवून ती किती वेळात भरते हे घड्याळ लावून पाहावे. ती एका मिनिटात भरली, तर २०० लिटरसाठी सुमारे साडेतेरा मिनिटे लागतील. त्याहून अधिक काळ नळी सोडून ठेवल्यास पाणी मुळांच्या खाली निघून जाते.

पाण्याच्या पाळ्या जमिनीप्रमाणे बदलाव्यात. रेताड जमीन पाणी धरत नसल्याने तीस थोडे थोडे पण लवकर लवकर पाणी द्यावे. चिकण जमिनीस एका वेळी अधिक पाणी देऊन दोन पाळ्यांत अंतर ठेवावे. संशय असल्यास आळ्यातील वीतभर खोलीची माती मुठीत दाबून पाहावी. तिचा गोळा होत असेल तर त्या दिवशी पाणी देण्याची आवश्यकता नाही. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळतीस गेल्यावर पाणी द्यावे.

ठिबक सिंचन हे नाव नवे असले तरी त्यामागील कल्पना अपरिचित नाही. शिवपिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्रातून थेंबथेंब पाणी पडत राहते आणि एका पात्रावर दीर्घकाळ अभिषेक चालतो. ठिबक सिंचनात हेच तत्त्व झाडाच्या मुळाशी वापरले आहे. माडाच्या बुंध्यापासून सुमारे एक मीटर अंतरावर चार बाजूंना ताशी चार लिटर पाणी सोडणारे चार ठिबक-तोट्यांचे संच बसविले, तर दोन तासांत ३२ लिटर पाणी मिळते. आळ्याने दिलेल्या पाण्याची सरासरी दिवसाला ५० लिटर पडते. म्हणजे दर माडामागे रोज सुमारे १८ लिटर पाण्याची बचत होते. लहान परसासाठी वेगळा पंपही लागत नाही. दहा-पंधरा फूट उंचीवरील टाकीच्या दाबावर हा संच चालू शकतो. जांभ्यातील पाण्यात पुष्कळदा लोह असते आणि हवेशी संयोग होताच त्याचा तांबूस गाळ धरतो. हा गाळ बारीक छिद्रे बुजवितो, म्हणून गाळणी आठवड्यातून एकदा धुवावी आणि नळ्यांची टोके उघडून साचलेला गाळ वाहून जाऊ द्यावा.

ज्यांना एवढाही खर्च परवडत नाही त्यांच्यासाठी मडक्याचा उपाय आहे. कच्च्या भाजणीचे, न रंगविलेले मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे. मडक्याच्या अंगातून पाझरणारे पाणी मुळे हवे तेवढेच ओढून घेतात. आंबा, चिकू किंवा माडाच्या नव्या रोपास पहिले दोन उन्हाळे या पद्धतीने सुखरूप पार पाडता येतात.

सांडपाण्याचा विनियोग

पाच माणसांच्या घरात आंघोळीचे व भांड्यांचे मिळून रोज किमान २०० लिटर सांडपाणी निघते. वरील उदाहरणातील परसाच्या गरजेचा हा तिसरा हिस्सा झाला. हे पाणी माड, केळी, अळू व कर्दळ यांना निर्धोकपणे देता येते. प्रथम ते लहान कुंडीतून न्यावे, म्हणजे तेलकट तवंग व खरकटे मागे राहील. एकाच झाडास सतत साबणाचे पाणी दिल्याने जमीन घट्ट व क्षारयुक्त होते, म्हणून जागा बदलत राहावे. कच्ची खावयाची भाजी, कोथिंबीर, मुळा व पालेभाज्या यांना हे पाणी मुळीच देऊ नये. शौचालयाचे पाणी या व्यवस्थेत येता कामा नये. त्याचा शोषखड्डा विहिरीपासून निदान वीस मीटर दूर असावा, कारण जांभ्याच्या भेगांतून दूषित पाणी अपेक्षेहून लवकर विहिरीपर्यंत पोचते.

साठविलेल्या पाण्याबरोबर डासांचा प्रश्न येतो. डासाच्या अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास उन्हाळ्यात साधारण एक आठवडा लागतो. म्हणून पिंपे, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि उघडी भांडी आठवड्यातून एक दिवस पूर्ण कोरडी करावीत. टाक्यांना घट्ट झाकणे व विहिरींना जाळी असावी. विहिरीत गप्पी मासे सोडल्यास ते डासांच्या अळ्या खाऊन टाकतात.

वर्षाचे वेळापत्रक

मे महिन्यात पन्हळी, गाळण-खड्डा व विहिरीचा कठडा यांची साफसफाई करावी. जूनच्या पहिल्या सरी सोडून देऊन नंतरचे पाणी विहिरीकडे वळवावे. जुलै-ऑगस्टमध्ये सांडवे मोकळे आहेत की नाहीत ते पाहावे. सप्टेंबरमध्ये, जमिनीत ओल असतानाच, माडांची आळी खणून खत व सोडणे घालावीत. परतीचा पाऊस आळ्यांत अडविला म्हणजे पहिली पाळी पुढे ढकलता येते. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आच्छादनाचे काम पूर्ण झालेले असावे. त्यानंतर दर पंधरवड्यास दोराला दगड बांधून विहिरीच्या पाण्याची पातळी मोजावी व भिंतीवर खडूने तारीख घालून लिहून ठेवावी. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदींवरून विहिरीची क्षमता घरातील लहान मुलांसही समजू लागते आणि शिमग्यानंतर भाजीचा वाफा किती ठेवावयाचा, हे अंदाजाने नव्हे तर हिशेबाने ठरविता येते.

किनारपट्टीतील कुटुंबांनी एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची चव वारंवार पाहावी. मचूळपणा जाणवताच उपसा निम्म्यावर आणावा. एकदम दोन तास पंप चालविण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा उपसा करावा, म्हणजे खालचे खारे पाणी वर खेचले जात नाही.

शासनाने धरणे व कालवे बांधले असून नदीनाल्यांवर बंधारेही घातले आहेत. पावसाळा संपताच बंधाऱ्यांना फळ्या घालून पाणी अडविले जाते आणि काठच्या गावांतील विहिरींना त्याचा आधार मिळतो. परंतु छपरावर पडलेला पाऊस फाटकाबाहेर जाऊ द्यावयाचा की नाही, हे ठरविणे त्या घरातील माणसांच्याच हाती आहे. एका घराने असा निश्चय केला तर एक विहीर वैशाखात चार दिवस अधिक टिकेल. वाड्यावरील सर्व घरांनी केला तर पायथ्याचा झरा चैत्रातही वाहता राहील, आणि उतारावरच्या शेवटच्या घरातील गृहिणीला मे महिन्यात पाण्यासाठी पहाटे उठावे लागणार नाही.